इजिप्तचे मुके ढोल आणि आपली हलगी



तुतनखामुन या इजिप्तच्या तरुण राजाचे थडगे हॉवर्ड कार्टर यांनी १९२२ साली उघडले. त्यातून निघालेल्या हजारो वस्तूंमध्ये हस्तिदंती टाळ्यांची एक जोडी होती. टाळ्या म्हणजे एकमेकींवर आपटून वाजवायच्या दोन पट्ट्या. कोपरापासून बोटांपर्यंतचा हात कोरून काढावा तसा त्यांचा आकार, आणि त्यांना किंचित बाक. या जोडीवर तिये राणी आणि मेरितातेन राजकन्या यांची नावे कोरलेली आहेत. हाताच्या आकाराच्या अशा टाळ्या इजिप्तमध्ये जागोजाग सापडल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा पाणघोड्याच्या सुळ्यापासून केलेल्या आहेत. सुळा मुळातच वाकडा असतो. तो उभा चिरला की एकाच बाकाचे दोन तुकडे मिळतात आणि जोडी आपोआप जुळते. चार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराची ही अक्कल आजही हात लावून पाहता येते. पण या टाळ्या कोणत्या लयीत वाजत होत्या, दोन आघातांमध्ये किती वेळ जात होता, वाजवणारी बाई सम कुठे धरत होती, यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर आज जगात कोणाकडे नाही. वाद्य शाबूत आहे, वाजवण्याची रीत नाहीशी झाली आहे. तालवाद्याचा ठेका वस्तूत राहत नाही, तो हातात राहतो, आणि हात गेला की वस्तू कितीही नीट जपली तरी ठेका परत मिळत नाही, हे मला आज पुराव्यानिशी मांडायचे आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या हलगीची स्थिती इजिप्तच्या नेमकी उलट आहे. तिचा हात अजून जिवंत आहे. तो आहे तोवर आपण काय करणार, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

आधी इजिप्तकडचा पुरावा किती भरघोस आहे ते पाहू, म्हणजे तोटा किती मोठा ते कळेल. टाळ्या सर्वांत जुन्या, राजघराणी सुरू होण्याच्याही आधीच्या. प्राचीन राज्यकाळातल्या थडग्यांच्या भिंतींवर कापणी करणाऱ्या माणसांच्या रांगेत दांड्या आपटून लय देणारी माणसे दिसतात. आपल्याकडे सुगीत भलरी म्हणत कापणी चालत असे, तिच्याशी हे चित्र सहज जुळते. त्यानंतर येते ते सिस्ट्रम. मूठ, वर नालासारखी कमान, कमानीतून आरपार घातलेल्या धातूच्या सळया, आणि हलवले की होणारी खुळखुळ. हे हाथोर देवीचे वाद्य. देंदेरा येथील तिच्या मंदिराचे खांबच सिस्ट्रमच्या आकाराचे घडवले आहेत, म्हणजे माणूस वाद्याच्या आत शिरून प्रार्थना करतो. पहिल्या-दुसऱ्या शतकातला ग्रीक लेखक प्लुटार्क याने इसिस आणि ओसिरिसवरच्या आपल्या ग्रंथात सिस्ट्रमचा अर्थ सांगितला आहे. सृष्टीतले सगळे हलते राहिले पाहिजे, ते सुस्तावू लागले की त्याला हलवून जागे केले पाहिजे, असा त्याचा आशय. कातड्याची वाद्येही होती. गोल चौकटीची डफासारखी, आणि नव्या राज्यकाळात दिसू लागलेली, बाजू आत वळलेली आयताकृतीसुद्धा. चित्रांत ही बहुतेक बायकांच्या हातात आहेत. बेनी हसन येथल्या थडग्यात पिंपाच्या आकाराचा, दोन्ही तोंडांना कातडे आवळलेला ढोल सापडला. लक्सरच्या मंदिरात ओपेत उत्सवाची मिरवणूक कोरली आहे. तीत देवाच्या नौकेबरोबर सैनिक, नर्तक, ढोलवाले आणि टाळ्या आपटणारे चाललेले दिसतात. हे सगळे टिकले ते त्या संगीताच्या थोरवीमुळे नव्हे. कोरडी वाळू आणि मेल्यानंतरही माणसाला सगळ्या वस्तू लागतात ही श्रद्धा, या दोन गोष्टींनी ते टिकवले. काळ्या मातीच्या, चार महिने ओल्या राहणाऱ्या आपल्या मुलखात बकऱ्याचे कातडे दोन पिढ्याही टिकत नाही, आणि प्रेताबरोबर वाद्य पुरण्याची आपली रीत नाही. म्हणून जुन्या वस्तूंच्या मोजदादीत आपण इजिप्तशी बरोबरी करू पाहणे चुकीचे आहे.

इतका पुरावा हाताशी असताना ताल का सापडला नाही? कारण इजिप्शियनांनी तो लिहिला नाही. त्यांनी धान्याची पोती मोजून लिहिली, पुराची उंची लिहिली, मजुरांच्या रजा लिहिल्या. ज्या लिपीत हे सगळे मावले तिच्यात ढोलाचा एक बोलही उतरला नाही. हान्स हिकमान या जर्मन संगीतशास्त्रज्ञाने कैरोत राहून या वाद्यांची सूची केली, ती १९४९ साली प्रसिद्ध झाली. जुन्या चित्रांत गायकासमोर बसलेला माणूस हात उंचावून, बोटे जुळवून काही खुणा करताना दिसतो. त्या खुणांत स्वर आणि लय दडलेली आहे, असे हिकमान यांनी मांडले. मांडणी देखणी आहे, पण ती सर्वमान्य झाली नाही, कारण ताडून पाहायला जिवंत माणूस नाही. याहून बोलके उदाहरण १९३९ चे आहे. तुतनखामुनच्या थडग्यातली दोन कर्णे त्या वर्षी बीबीसीने जगाला ऐकवली. कर्णा तालवाद्य नाही, पण मुद्दा तोच आहे. वाजवणारा होता ब्रिटिश फौजेच्या बँडमधला वादक. त्याने आजच्या पद्धतीची फुंकणी लावली आणि त्याच्या ओठांत बसले होते तसे वाजवले. तीन हजार वर्षांनी आवाज निघाला खरा, पण लोकांनी ऐकला तो विसाव्या शतकातला शिपाई. शिकागोत मेरेसामुन नावाच्या स्त्रीची शवपेटी आहे. सुमारे इसवीसनपूर्व ८०० मधली ही स्त्री थीब्जला अमुन देवाच्या मंदिरात गात असे आणि अशा गायिकांच्या हाती सिस्ट्रम असे. तिच्या पेटीचे आवरण न उघडता सीटी स्कॅन केले गेले. तिचे वय तिशीच्या आसपास होते हे कळले, भाकरीतल्या कचकचीने तिचे दात झिजले होते हेही कळले. तिच्या हातातली खुळखुळ चार मात्रांत होती की सातांत, हे कोणत्याही यंत्राला सांगता येणार नाही.

आता हलगीकडे वळू. वाद्य म्हणून ती इतकी साधी आहे की तिची गुंतागुंत पहिल्या नजरेला दिसत नाही. लाकडाचे किंवा लोखंडाचे कडे, त्यावर एका बाजूला ताणून बसवलेले बकऱ्याचे कातडे, दुसरी बाजू उघडी. पखवाजाला डाव्या तोंडावर कणीक लागते, तबल्याला शाई लागते, आवळायला गठ्ठे असतात. हलगीला यांतले काहीच नाही. तिचा सूर विस्तवावर लागतो. मिरवणूक निघायच्या आधी वाजवणारे रस्त्याच्या कडेला कागद, पाचट, काडीकचरा पेटवतात आणि हलगी त्या जाळावर धरून फिरवतात. हवेतला ओलावा कातड्यात मुरलेला असतो, त्यामुळे ते सैल पडते आणि आवाज बसतो. धग लागली की ओलावा उडतो, कातडे आक्रसते, आवाज चढतो. किती धग द्यायची याचे माप बोटात आहे. कमी पडली तर हलगी भदभद वाजते, जास्त झाली तर कातडे फाटते. मधल्या टप्प्यावर वाजवणारा बोटाने टिचकी मारून बघतो आणि पुन्हा जाळावर धरतो. मग एका हातात आखूड जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक लांब काडी. टिपरू भरीव आघात देते, काडी त्यामधली जागा कडकडत भरून काढते. हलगी धरणाऱ्या हाताची बोटेच काडीही चालवतात, म्हणजे एकच हात वाद्य पेलतो आणि वाजवतोही. हे कौशल्य तळहातावर आणि मनगटात असते. रिकामी हलगी भिंतीला टांगली तर ती यातले काही सांगत नाही. बेनी हसनचा ढोल जितका मुका, तितकीच तीही.

आपल्याकडे ताल लिहिण्याची परंपरा नव्हती असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही, आणि इथेच माझ्या मुद्द्याला खरी धार येते. नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग आहेत, त्यांतला अवनद्ध म्हणजे कातड्याने मढवलेल्या वाद्यांचा. त्या वाद्यांच्या जन्माची कथा सांगताना ग्रंथकार म्हणतो की स्वाती मुनी सरोवरावर गेले असता पावसाचे थेंब लहानमोठ्या कमलपत्रांवर पडत होते, त्या वेगवेगळ्या नादांवरून त्यांना ही वाद्ये सुचली. कथा वाद्याच्या आकारापासून सुरू होत नाही, आघातांच्या फरकापासून सुरू होते. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला. त्याचा सहावा अध्याय वाद्यांचा. त्यात पटह, हुडुक्का अशा वाद्यांचे माप आहे, लाकूड कोणते ते आहे, आणि हाताचे आघात अक्षरांत बांधलेले पाट आहेत. म्हणजे महाराष्ट्राच्या भूमीवर आठशे वर्षांपूर्वी ढोलाचा बोल ग्रंथात उतरत होता. पंढरपूर सोलापूर जिल्ह्यातच आहे. तिथल्या भजनातल्या पखवाजाचे बोल आज पुस्तकात मिळतात. शिकवणारे आहेत, नाना पानसे यांच्यासारख्या वादकाच्या नावाने परंपरा ओळखली जाते, शिष्य आपल्या गुरूचे आणि गुरूच्या गुरूचे नाव सांगतो. पंढरपुराहून सोलापुरात यावे, संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सिद्धरामेश्वरांच्या सात नंदीध्वजांपुढे वाजणारी हलगी ऐकावी. एकाच जिल्ह्यातली दोन कातड्याची वाद्ये, दोन्ही देवापुढची. एकाचे बोल ग्रंथात, वादकाचे नाव पत्रिकेत. दुसऱ्याचे बोल हवेत, आणि वादक बातमीत ‘हलग्यांच्या कडकडाटात’ या शब्दांमागे नाहीसा झालेला. तेव्हा लिहिण्याची कला नव्हती हे कारण आपल्याला देता येत नाही. कला होती. ती कोणाच्या हातासाठी वापरायची हे ठरलेले होते.

या भेदाची साक्ष आपली भाषाच देते. फुशारकी मारणे म्हणजे टिमकी वाजवणे. ज्याचे कोणी ऐकत नाही त्याचा आवाज म्हणजे नगारखान्यातली टिमकी. नको ती गोष्ट गावभर करणे म्हणजे डांगोरा पिटणे. नगारा, चौघडा मात्र मानाचे. कातडे त्यांनाही आहे, काठीही आहे. फरक वाद्याच्या बांधणीत नाही, ते कोणाच्या दारी वाजते आणि कोण वाजवते यात आहे. तमिळ मुलखात हेच वाद्य थोड्या वेगळ्या रूपात ‘परै’ म्हणून ओळखले जाते. त्या शब्दाचा एक अर्थ बोलणे, सांगणे असाही आहे. त्याच शब्दावरून एका जातीचे नाव झाले आणि जातीच्या नावावरून बहिष्कृत या अर्थाचा शब्द युरोपच्या भाषांत गेला. सांगणारे वाद्य, आणि सांगणाराच वाळीत टाकलेला. आज आपण जिथे जमलो आहोत ते वळसंग गाव ज्या पट्ट्यात आहे तिथे मराठी, कानडी आणि तेलुगू एकाच बाजारात बोलल्या जातात. कानडीतही हे वाद्य हलगीच, आणि त्या भाषेत ‘हलगे’ म्हणजे फळी. तेलुगूत त्याच घराण्यातला डप्पू. शब्द बदलतात, कडे आणि कातडे तेच राहते, आणि दुर्दैवाने वाजवणाऱ्याचे गावातले स्थानही सगळीकडे तेच राहिले.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा की इजिप्तचे थडगे कुठे आणि सोलापूरची हलगी कुठे, ही तुलना ओढूनताणून केलेली आहे. डफाच्या जातीची वाद्ये इजिप्तहून जगभर गेली, आपली हलगी तिकडची लेक, असा दावा मी करत असतो तर आक्षेप बिनतोड होता. तसा दावा मी करत नाही, कोणी केला तरी त्याला पुरावा मिळणार नाही. गोल चौकटीवर कातडे ताणण्याची कल्पना वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या माणसांना सुचू शकते. मी तुलना करतो ती पुराव्याच्या स्वरूपाची. एका बाजूला वस्तू, चित्रे, शिल्पे, देवळे सगळे आहे, वाजवणारा नाही. दुसऱ्या बाजूला वाजवणारा आहे, त्याच्याविषयी लिहिलेले काही नाही. तालवाद्याच्या इतिहासात कोणता पुरावा भरून काढता येतो आणि कोणता नाही, हे या दोन टोकांना शेजारी ठेवल्यावर जितके स्वच्छ दिसते तितके एका टोकावरून दिसत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचे सुरेख दालन आहे. गणेश हरी तारळेकर आणि नलिनी तारळेकर यांनी भारतीय शिल्पांतल्या वाद्यांवर १९७२ साली मोलाचे पुस्तक केले. औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्यात नर्तकीभोवती वाद्ये घेऊन बसलेल्या स्त्रिया आहेत, त्या पाहिल्या म्हणजे इजिप्तच्या डफवाल्या बायकांची आठवण होते. हे सगळे काम हवेच. पण यातून मिळते ते इजिप्तला मिळाले तेच. आकार मिळतो, धरण्याची ढब मिळते, ठेका मिळत नाही.

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, गणपतीच्या मिरवणुकीत सोलापूरचे लेझीम आणि हलगी शेकडो लोक चित्रित करतात, मग नोंद झाली नाही असे कसे म्हणता? या आक्षेपात तथ्य आहे, आणि १९३९ च्या कर्ण्याइतकाच धोकाही आहे. चित्रण आवाज धरते. तो आवाज कशाचा, हे ते धरत नाही. हलगी लग्नात एक वाजते, मयतापुढे दुसरी, पालखीपुढे तिसरी. कुस्तीच्या मैदानात जोडी भिडेपर्यंत तिचा वेग निराळा असतो आणि पकड बसली की निराळा. तिथे वाजवणाऱ्याचा डोळा पैलवानाच्या पायावर असतो. तमाशात ढोलकीवाला आणि हलगीवाला समोरासमोर येतात तेव्हाची हलगी आणखी वेगळी. दवंडीची हलगी तर आता बहुतेक गावांत थांबलीच. लोकांना थांबवून घोषणा ऐकायला लावणारा तो ठेका ज्यांच्या हातात होता ते आता म्हातारे झाले असतील. मोबाइलवर जे साठते ते बहुतेक मिरवणुकीचे, तेही ध्वनिक्षेपकांच्या भिंतीखाली दबलेले. मयताचा ठेका कोणी चित्रित करत नाही. वाजवणाऱ्याचे नाव त्या चित्रणाखाली नसते, आणि कोणता आघात टिपरूचा व कोणता काडीचा हे वाजवणाऱ्याने सांगितल्याखेरीज ऐकणाऱ्याला कळत नाही. अशोक दा. रानडे यांनी १९७५ च्या ‘लोकसंगीतशास्त्र’ या पुस्तकात लोकसंगीताला त्याचे स्वतःचे शास्त्र आहे ही भूमिका मराठीत ठामपणे मांडली. ते शास्त्र वाजवणाऱ्याच्या तोंडून काढावे लागते. नुसती ध्वनिफीत ऐकून ते हाती येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो वळसंगमध्ये उभा राहून टाळणे हा अप्रामाणिकपणा होईल. या गावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भेटीची आठवण जपणारी विहीर आहे. ती विहीर ज्यांनी जपली त्यांना विचारण्याचा हक्क आहे की हलगी ही कला होती की सक्ती? ती तुम्ही आज संस्कृती म्हणून आमच्या गळ्यात पुन्हा का घालता? याचे उत्तर पुराव्यातच शोधले पाहिजे. १८७४ च्या वतन कायद्याने गावकामगारांची वंशपरंपरागत कामे कायद्याने बांधली. गावाची पडेल ती कामे करणे, वर्दी देणे, मयताची खबर पोचवणे, दवंडी देणे हे पूर्वीच्या महार समाजाकडे होते. वाजवण्याचे काम बहुतेक गावांत मातंग घरांकडे आणि काही ठिकाणी महारांकडे होते. मोबदला म्हणजे बलुत्याचे मूठभर धान्य आणि पुष्कळदा उष्टे. नाही म्हणण्याची सोय नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या सक्तीवर घाव घालण्यासाठी. वतने शेवटी रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, आणि त्या कायद्याच्या इंग्रजी नावातही या वतनांना ‘इन्फिरिअर’ म्हणजे कनिष्ठच म्हटले आहे. ज्या घरांनी हलगी खुंटीवरून काढून टाकली, फोडली, पोरांच्या हाती पुन्हा दिली नाही, त्यांनी एक वाद्य सोडले असे म्हणणे अपुरे आहे. त्यांनी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार पहिल्यांदा वापरला. तो निर्णय योग्य होता. त्याबद्दल हळहळणारा जो सूर अधूनमधून सभांतून ऐकू येतो, त्याच्याशी मी सहमत नाही.

पण मग नोंद करावी की नाही? माझे म्हणणे असे की हा आक्षेप जितका खरा, तितकी नोंदीची गरज वाढते. सक्तीचा इतिहास लिहिणाऱ्याला सक्ती कशी चालत होती हे सांगावे लागते. मयताच्या घरापुढे किती वेळ उभे राहून वाजवावे लागे, पावसात वाजवावे लागे का, कातड्याचा खर्च कोणाचा, विस्तवाला लाकूड कोण देई, वाजवून झाल्यावर ओट्यावर बसू देत का, हे तपशील वाजवणाऱ्याखेरीज कोणाला ठाऊक आहेत? ते नोंदले नाहीत तर पन्नास वर्षांनी कोणीतरी हलगीचे रंगीत चित्र छापील आणि खाली ‘ग्रामसंस्कृतीचा ठेवा’ असे लिहील, आणि त्याला खोडायला कोणाकडे पुरावा नसेल. दुसरे असे की सक्ती गावाने केली, कौशल्य माणसाने कमावले. या दोन गोष्टी एकाच हातात होत्या म्हणून त्या एकच होत नाहीत. उपाशीपोटी, उंबऱ्याबाहेर उभे राहून एका हाताने वाद्य पेलत आणि वाजवत ज्याने पाच-सहा वेगळे ठेके बांधले आणि पोराला शिकवले, त्याच्या बुद्धीचे श्रेय जातिव्यवस्थेला देणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय आहे. अर्थात नोंद करणाऱ्याने एक मर्यादा पाळलीच पाहिजे. ज्याला सांगायचे नाही त्याला विचारू नये, आणि ज्याला आपले नाव द्यायचे नाही त्याचे नाव लिहू नये. हलगी सोडलेल्या घराला ती पुन्हा वाजवायला लावणारा उत्सव भरवणे ही नोंद नव्हे.

नावाचा प्रश्न इजिप्तकडेही नेऊन पाहण्यासारखा आहे. सिस्ट्रम हलवणाऱ्या स्त्रियांची नावे आपल्याला पुष्कळ ठाऊक आहेत. मेरेसामुन ठाऊक आहे, ब्रिटिश म्युझियममधली हेनुतमेहित ठाऊक आहे. ‘अमुनची गायिका’ हा किताब त्यांच्या शवपेट्यांवर लिहिलेला असतो, कारण त्या प्रतिष्ठित घरांतल्या होत्या आणि त्यांना सजवलेली पेटी परवडत होती. शेतात दांड्या आपटणाऱ्याचे, लक्सरच्या मिरवणुकीत ढोल गळ्यात अडकवून चालणाऱ्याचे नाव नाही. तिथेही वाद्याची नोंद झाली आणि वाजवणाऱ्याचे नाव त्याच्या ऐपतीप्रमाणे लिहिले किंवा वगळले गेले. आपल्याकडे याला छेद देणारा एक धडा मात्र घालून दिला गेला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयटवें यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. त्या संग्रहाचे मोठेपण संख्येत आहे तसे पद्धतीतही आहे. ओवीबरोबर बाईचे नाव आणि तिचे गाव नोंदले गेले. ओवी अनामिक लोकधन म्हणून न राहता कोणत्या गावच्या कोणत्या बाईने सांगितली हे तिच्यासोबत राहिले. जात्याची घरघर गिरण्यांनी बंद केली, जाती अंगणात पायरी म्हणून पडली, पण ओवी तिच्या मालकिणीच्या नावासकट उरली. जाते जपून हे साधले नसते.

हलगीचे काम याहून अवघड आहे, कारण ओवी शब्दांत असते आणि ठेका आघातांत. पण ते अशक्य नाही, कारण हाताला बोल असतो. शिकवणारा बाप पोराला काहीतरी अक्षरे म्हणूनच शिकवतो. ती अक्षरे ज्या रूपात त्याच्या तोंडी आहेत त्याच रूपात उतरवावीत, तबल्याच्या धा-धिनमध्ये त्यांचे शुद्धीकरण करू नये. तबल्याच्या भाषेत हलगी लिहिली की काडीचा कडकडाट गळतो आणि नोंद वाचणाऱ्याला दुसरेच वाद्य ऐकू येते. टिपरूचा आघात कड्याजवळ की मध्यावर, काडी किती लवते, घुमके हे साथीचे वाद्य सोबत असले तर हलगी काय सोडून देते, धग कमी पडल्यावर वाजवणारा ठेका बदलतो का, हे त्याच्याच शब्दांत लिहावे. आवाज धरावा, हात धरावा, आणि दोन्ही एकाच वेळी. कानडी बोलणाऱ्या वादकाची अक्षरे कानडीत असतील तर तशीच ठेवावीत. या पट्ट्यात एकाच घरात बाप कानडीत मोजतो आणि लेक मराठीत, तर दोन्ही मोजण्या लिहाव्यात. शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना हे काम एका हिवाळ्यात सुरू करता येईल, त्याला मोठे अनुदान लागत नाही. एक वही, एक मोबाइल, आणि वाजवणाऱ्याच्या वेळेचा रीतसर मोबदला. हा शेवटचा खर्च आधी धरावा. फुकट वाजवून घेण्याच्या रीतीतूनच हा सगळा प्रश्न उभा राहिला आहे.

वहीच्या पहिल्या पानावर वाजवणाऱ्याचे नाव, त्याच्या आईचे आणि बापाचे नाव, गाव, आणि ठेका कोणाकडून शिकला ते असावे. पुढच्या पानांवर एकेक ठेका, तो कधी वाजतो, कधी वाजवायचा नसतो, आणि पूर्वी त्याचे काय मिळे. आणि प्रत्येकाला, मग तो पंचवीस वर्षांचा असो की ऐंशीचा, एक प्रश्न न चुकता विचारावा: तुम्हाला येणारा कोणता ठेका तुम्ही आता वाजवत नाही, आणि तो कधीपासून बंद केला?